सुनील छेत्री थांबला, आता गोल कोण मारणार?

मध्यरेषा

मंडळी, इथे क्रिकेटचे धागे शंभर-शंभर प्रतिसाद घेतात, ईपीएलचा दर सीझनला नवा धागा निघतो, आणि ज्या सुनील छेत्रीने भारतासाठी फुटबॉलमध्ये ९५ गोल मारले त्याच्यावर एक धड धागा नाही हे मला फार दिवस खुपत होतं, म्हणून आज बसून लिहितोच. पुरुषांच्या इंटरनॅशनल फुटबॉलमध्ये त्याच्या पुढे तीनच नावं आहेत, रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई. बास.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म १९८४ चा, सिकंदराबादचा. वडील सैन्यात, त्यामुळे बदल्यांमागे घर फिरत राहिलं, गंगटोक, दार्जिलिंग, कोलकाता, दिल्ली. आई आणि मावशी (दोघी जुळ्या) नेपाळच्या महिला टीमकडून खेळलेल्या, म्हणजे बॉल घरातच होता. २००२ मध्ये मोहन बागानने घेतलं तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा होता आणि टीममध्ये बायचुंग भुतिया, बारेटो असले लोक, तिथे सतरा वर्षांच्या पोराला कितीसं खेळायला मिळणार. तिथून तो पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी क्लबला गेला आणि माझ्या मते खरा स्ट्रायकर तिथे घडला, कारण तिथे त्याला रोज खेळायला मिळालं. २००५ च्या जूनमध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध सीनियर टीमकडून पहिली मॅच आणि त्याच मॅचमध्ये गोल.

त्यानंतरचं बरंचसं सगळ्यांना माहीत असतं, पण २००८ ची एएफसी चॅलेंज कप (आशियातल्या लहान फुटबॉल देशांची स्पर्धा) फायनल किती जणांना आठवते? दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम, समोर ताजिकिस्तान, भारत ४-१ ने जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक. ती ट्रॉफी जिंकली म्हणून भारत २०११ च्या आशिया कपला गेला, तब्बल २७ वर्षांनी! एका माणसाच्या तीन गोलांनी देशाला मोठ्या स्पर्धेचं तिकीट मिळालं असं आपल्याकडे किती वेळा झालंय सांगा.

मला या धाग्यावर दोन गोष्टींवर बोलायचंय. एक म्हणजे हा माणूस गोल मारायचा कसा. साडेपाच फुटांच्या आसपास उंची, वेग चांगला पण अफाट नाही, अंगाने दांडगा नाही, आणि तरी हेडरने इतके गोल. दुसरी म्हणजे वीस वर्षं तो खेळत असताना त्याच्या जागेवर दुसरा कुणी तयार का झाला नाही. पहिल्या गोष्टीचं श्रेय त्याचं आहे, दुसरीचा दोष मात्र त्याच्या माथी मारू नये एवढीच विनंती.

अंधेरी_लोकल

धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. मी २०१८ चं लिहितो कारण ते आमच्या गावात झालं.

इंटरकॉन्टिनेंटल कप, मुंबई फुटबॉल अरेना, अंधेरी. १ जूनला पहिली मॅच चायनीज तैपेईशी, भारत ५-० जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक आणि स्टेडियममध्ये माणसं किती, तर २५६९. दीड-दोन कोटींच्या शहरात. दुसऱ्या दिवशी त्याने तो व्हिडिओ टाकला, हात जोडून, की शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. विराट, सचिन सगळ्यांनी तो पुढे पाठवला आणि ४ तारखेच्या केनियाच्या मॅचची तिकिटं संपली. ती त्याची शंभरावी मॅच होती.

मी त्या दिवशी होतो तिथे. पाऊस असा की समोरची बाजू दिसत नव्हती, मैदानावर पाणी, बॉल मध्येच थांबायचा, हाफटाइमला ०-० आणि आम्ही सगळे नखशिखांत भिजलेलो, पण कुणी जागचं हललं नाही. मग ६८ व्या मिनिटाला त्याने पेनल्टी मारली, लगेच त्याच्या जोडीचा स्ट्रायकर जेजे, त्याचा गोल, आणि अगदी शेवटी, इंज्युरी टाइममध्ये, छेत्री एकटा गोलकीपरसमोर. दमलेला, चिखलात, पाय घसरतायत, अशा वेळी कुणीही जोरात मारून मोकळा झाला असता. ह्याने बॉल अलगद कीपरच्या डोक्यावरून टाकला. ३-०. मी आयुष्यात एवढा ओरडलो नसेन. फायनलमध्ये परत केनिया, २-०, दोन्ही गोल त्याचे, आणि तिथे तो ६४ गोलांवर मेस्सीच्या बरोबरीला आला.

आता खरं सांगायचं तर त्या व्हिडिओचा अभिमान वाटतो तितकंच वाईटही वाटतं, देशाच्या कॅप्टनला लोकांसमोर हात जोडायला लागावेत ही वेळ यायलाच नको होती. मुंबईत एके काळी महिंद्रा युनायटेड होती, एअर इंडिया, ओएनजीसी होत्या, कूपरेजला मॅचेस व्हायच्या. महिंद्राने २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली आणि २०१० ला टीम बंद. जेसीटीही त्याच्या पुढच्याच वर्षी बंद. ज्या टीमने छेत्री घडवला तीच उरली नाही, मग पुढचा छेत्री कुठे घडणार होता?

आकडेमोड

छेत्रीबद्दल आदर आहेच, पण धागा भाबडा होऊ नये म्हणून लिहितोय. ९५ गोल कुणाविरुद्ध ते पण बघा ना. नेपाळ, मालदीव, बांगलादेश, पाकिस्तान, सॅफ कपात (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा) खोऱ्याने गोल. पेनल्टीपण बऱ्याच. मेस्सीशी तुलना मला पटत नाही, आकडा सारखा म्हणून दर्जा सारखा होत नाही. आणि एक आठवण करून देतो, अलीकडच्या काळातला आपला सर्वात मोठा निकाल, सप्टेंबर २०१९ मध्ये दोह्यात कतारशी ०-०, त्या मॅचला छेत्री तापामुळे खेळलाच नव्हता. आशियाचे चॅम्पियन होते ते तेव्हा.

मध्यरेषा

@आकडेमोड, मुद्दा रास्त आहे आणि मेस्सीशी तुलना छेत्रीने स्वतःही कधी मान्य केली नाही, मीही करत नाही. पण "फक्त दुबळ्यांविरुद्ध" हे मात्र खरं नाही.

२०११ आशिया कप, बहारीनविरुद्ध गोल, दक्षिण कोरियाविरुद्ध गोल (पेनल्टी, पण कोरियासमोर). २०१९ आशिया कप, अबू धाबी, थायलंडला ४-१, त्यात त्याचे दोन, आणि भारताने आशिया कपात मॅच जिंकली ती १९६४ नंतर पहिल्यांदा. त्यातला दुसरा गोल परत बघा, हाफटाइमनंतर मिनिटभरात आशिकने बॉल नुसता सोडला आणि छेत्रीने न थांबवता, पहिल्याच स्पर्शात मारला. तिथे दुसरा स्पर्श घेतला असता तर समोर तीन डिफेंडर उभे होते.

आणि कतारच्या मॅचच्या पाचच दिवस आधी गुवाहाटीला ओमान होतं. ब्रँडनने फ्रीकिक घेतली, सगळे डिफेंडर उंच बॉलची वाट बघत गोलकडे पळाले आणि त्याने बॉल सपाट, जमिनीवरून छेत्रीकडे दिला, कारण छेत्री घोळक्यात न शिरता उलटा मागे सरकला होता. सरळ मारला, गोल. आपण ती मॅच शेवटच्या काही मिनिटांत १-२ हरलो म्हणून तो गोल विस्मरणात गेला, नाहीतर कोचिंगच्या वर्गात दाखवावा असा गोल होता तो.

हां, कमकुवत टीमविरुद्ध गोल मारायचेच असतात, आणि तेही आपल्याकडे इतर कुणाला जमलेलं नाही हे त्याने निरोप घेतल्यावर २०२४ मध्ये आपण बघितलंच.

तालमीतला_गडी

भावांनो, कोल्हापूरकर आल्याशिवाय फुटबॉलचा धागा पुरा कसा व्हायचा!

हेडरवर बोलतो, मी बारक्या पोरांना शिकवतो म्हणून. आमच्या शाहू स्टेडियमवर सीझनला पाटाकडील आणि शिवाजी या आमच्या टीमांची मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथल्या पब्लिकला उंच स्ट्रायकर लई आवडतो. पोरं पण तेच बघतात, उंच असलो म्हणजे हेडर आपलाच. मी त्यांना छेत्रीचे व्हिडिओ लावून देतो आणि सांगतो, बॉलकडे बघू नका, अकरा नंबरकडे, म्हणजे छेत्रीकडे बघा.

तो काय करतो बघा. क्रॉस यायच्या आधी तो डिफेंडरच्या पाठीमागे उभा असतो, म्हणजे डिफेंडरला एकाच वेळी बॉल आणि छेत्री दोन्ही दिसत नाहीत. डिफेंडरने बॉलकडे मान फिरवली रे फिरवली की हा दोन पावलं पुढे, त्याच्या आणि कीपरच्या मधल्या जागेत. आणि उडी उशिरा मारत नाही, आधी मारतो. डिफेंडर उडायला लागतो तेव्हा हा वरच असतो, मग सहा फुटी गड्याची उंची काय कामाची? २०१६ ची एएफसी कप (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) सेमीफायनल, कांतीरवा स्टेडियम, छेत्री बेंगळुरू एफसीकडून, समोर मलेशियाचं जोहोर, आदल्या वर्षीचे चॅम्पियन. जोहोरने पहिला गोल मारला होता. मग कॉर्नरवर छेत्रीचा हेडर, बघत राहावं असं टायमिंग, आणि दुसरा लांबून खणखणीत. ३-१. भारताचा क्लब पहिल्यांदा एएफसी कपच्या फायनलला गेला तो त्या रात्री. फायनल दोह्यात हरली बेंगळुरू, इराकच्या अल कुवा अल जाविया कडून १-०, पण त्या सेमीफायनलचा नाद खुळा.

हे टायमिंग जन्मतः मिळत नाही, रोजच्या रोज करून येतं. आणि खाणं-झोप पाळून चाळिशीपर्यंत टिकवायचं म्हणजे त्याहून अवघड. आमच्याकडची किती तरी गुणी पोरं पंचवीस-सव्वीसला गुडघा नाहीतर पोटाने संपतात, ते बघून जीव तुटतो.

मांडवीकाठ

गोव्याचं नाव आलं नाही अजून म्हणून लिहिते. छेत्री आमच्या धेंपो क्लबकडून खेळलाय आणि नंतर चर्चिल ब्रदर्सकडूनपण, २०१३ ला चर्चिल आय-लीग (तेव्हाची देशातली मुख्य लीग) जिंकले तेव्हा तो त्या टीममध्ये होता. वर ज्या ब्रँडनच्या फ्रीकिकचं लिहिलंय तो मडगावचा, आमचा. आणि मुळात स्ट्रायकर म्हटलं की नेव्हिल डिसोझाला विसरून चालणार नाही, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, भारत ४-२ जिंकून सेमीफायनलला. मुळचे आसगावचे, खेळले मुंबईत टाटांकडून.

आता "दुसरा छेत्री का नाही" यावर. आम्ही एफसी गोवाच्या लोकांनी आमच्या स्पॅनिश स्ट्रायकर कोरोवर वेडं प्रेम केलंय, दोन सीझन ओळीने गोल्डन बूट (सीझनमध्ये सर्वात जास्त गोल). पण जरा विचार करा, आयएसएल (आताची देशातली मुख्य लीग) सुरू झाल्यापासून गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. एलानो, मेंडोझा, मार्सेलिन्हो, कोरो, वाल्स्किस, अंगुलो, ओगबेचे, अगदी अजाराईपर्यंत सगळे परदेशी. सुरुवातीला मैदानावर सहा परदेशी चालायचे, मग पाच, आता चार. कुठलाही कोच त्यातला एक तरी स्ट्रायकरच आणणार, त्याचंही बरोबर आहे, त्याला नोकरी टिकवायचीय. मग भारतीय पोरगा विंगवर जातो किंवा बेंचवर. खुद्द छेत्री! बेंगळुरूत परदेशी स्ट्रायकर मिकू आला तेव्हा छेत्रीला डावीकडे खेळवलं, तिथूनही त्याने २०१७-१८ मध्ये १४ गोल मारले ही गोष्ट वेगळी. देशाचा मुख्य स्ट्रायकर क्लबात विंगर, आणि नॅशनल कँपला आला की दहा दिवस परत स्ट्रायकर. त्याच्यासारख्याला ते झेपलं, एकोणीस वर्षांच्या पोराला कसं झेपेल?

दूरदेशी

मी अमेरिकेत कॅन्ससच्या बाजूला राहतो त्यामुळे परदेशी क्लबांच्या भागावर थोडं. छेत्रीने बाहेर खेळायचा प्रयत्न तीनदा केला. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्यूपीआर क्लबने तीन वर्षांचा करार केला होता, पण वर्क परमिट नाकारलं गेलं, कारण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या सत्तरात नव्हता. म्हणजे खेळाडू पसंत पडलेला, क्लब तयार, आणि देशाच्या रँकिंगमुळे दार बंद. २०१० ला इथे कॅन्सस सिटी विझर्ड्सकडे आला, पण लीगची एकही मॅच मिळाली नाही, ओपन कपात एकदा उतरला. मग २०१२ ला पोर्तुगालला स्पोर्टिंग क्लबच्या बी टीममध्ये, तिथे जेमतेम तीन मॅचेस, आणि परत.

लोक याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. पंचविशीत क्यूपीआरला जायला मिळालं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही, पण घरी बसून टाळ्या घेण्याऐवजी माणूस बी टीमच्या बेंचवर बसायला तयार झाला, तेही नेहरू कप जिंकून दिलेला कॅप्टन असताना. आणि परत येऊन कडवट झाला नाही, २०१३ ला अगदी नवीकोरी बेंगळुरू एफसी धरली आणि पहिल्याच सीझनला आय-लीग.

आकडेमोड

@मध्यरेषा, ओमानचा गोल परत बघितला, मागे सरकणं खरंच सुंदर आहे. तरी माझा एक प्रश्न उरतोच. ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतशी निरोपाची मॅच झाली, ०-०, अख्खं स्टेडियम रडलं, तोही रडला. आणि मार्च २०२५ ला परत आला. हे योग्य होतं का? त्याच्यामुळे नव्या पोराची एक जागा गेलीच ना.

सायली_प

माझं मत, परत यायला नको होतं, आणि हे मी त्याची कट्टर फॅन म्हणून म्हणतेय. निरोप इतका देखणा झाला होता. पण त्याला दोष देणार नाही. २०२४ च्या अख्ख्या वर्षात भारताने एक मॅच जिंकली नव्हती, गोल मारायला कुणी नव्हतं, आणि तो चाळिशीत आयएसएलमध्ये १४ गोल मारून भारतीयांमध्ये पहिला होता. कोचने फोन केल्यावर तो नाही म्हणेल असा त्याचा स्वभावच नाही.

परतीची मॅच शिलाँगला, मालदीवविरुद्ध ३-०. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टनचा आणि तिसरा लिस्टनच्या क्रॉसवर छेत्रीचा हेडर, ९५ वा. (भेकेला कमी लेखू नका बरं, २०१९ ची आयएसएल फायनल अंधेरीत एक्स्ट्रा टाइममध्ये त्याच्याच हेडरने बेंगळुरूने जिंकली, छेत्री तेव्हा कॅप्टन.) पण पुढे बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगकडून हार, आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२, २०२७ च्या आशिया कपचं दार बंद. त्यानंतर तो परत थांबला.

थोडं अवांतर होईल पण लिहितेच, त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या मुलींनी चियांग माईत थायलंडला २-१ हरवून आशिया कप गाठला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्यावर इथे एक ओळ कुणी लिहिली नव्हती. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे प्रोफेशनल म्हणून गेली तेव्हाही नाही. स्ट्रायकर शोधताय तर तिकडेही बघा.

मध्यरेषा

@सायली_प, एकदम मान्य, बाला देवीवर तुम्ही धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

परतण्याबद्दल मी तुमच्याइतका ठाम नाही. @आकडेमोड, नव्या पोराची जागा गेली म्हणताय, पण त्या पोराची जागा छेत्रीने नॅशनल टीममध्ये घेण्याआधीच क्लबांनी घेतलेली होती, मांडवीकाठ यांनी वर सगळं मांडलंय. ईशान पंडिता, मनवीर, रहीम अली, यातल्या कुणाला क्लबमध्ये सलग सीझनभर मधला स्ट्रायकर म्हणून ९० मिनिटं मिळाली? मनवीर तर उजवीकडे विंगवरच मोठा झाला. सुभाष भौमिक, शब्बीर अली, विजयन, भुतिया, छेत्री अशी एक साखळी होती, एकाच्या सावलीत दुसरा वाढायचा. विजयनच्या शेजारी भुतिया खेळला, भुतियाच्या शेजारी छेत्री. छेत्रीच्या शेजारी जेजे होता, त्याला गुडघ्याच्या दुखापतीने ऐन भरात गाठलं, आणि जेजेनंतर ती खुर्ची रिकामीच राहिली. जेजे टिकला असता तर २०२५ ला हा प्रश्नच आला नसता असं मला अजून वाटतं.

आणि लीगच वेळेवर सुरू होत नसेल, लीग चालवण्याचे करार संपले म्हणून २०२५-२६ चा सीझन लटकत पडला, तर वीस वर्षांच्या पोराने वर्षभर करायचं काय? स्ट्रायकरला मॅच लागते हो, नुसत्या प्रॅक्टिसने ते टायमिंग राहत नाही.

तालमीतला_गडी

बरोबर बोललात. महाराष्ट्रापुरतं सांगतो, पुणे एफसीची अ‍ॅकॅडमी गेली, एफसी पुणे सिटी २०१९ ला गेली. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कपात देशासाठी पुढे खेळून दाखवलं, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. त्यालाही सीनियर क्लबात विंगवरच ढकललं. आमच्याकडे पोरांची कमी नाही, त्यांना मधे उभं करायचं धाडस कोण करणार ते सांगा.

नवीन_सभासद_पुणे

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममध्ये स्ट्रायकर, पण मॅचमध्ये सारखा बॉलच्या मागे पळतो आणि गोल झाला नाही की खट्टू होतो. त्याला छेत्रीचं काय काय दाखवू? हायलाइट्स बघून तो फक्त सेलिब्रेशन शिकतोय.

मध्यरेषा

हायलाइट्स नको, पूर्ण मॅचेस दाखवा, तुकड्या-तुकड्यांनी चालेल. पहिली २०१६ ची जोहोर, वर तालमीतल्या गड्याने सांगितलंय तसं फक्त अकरा नंबर बघायला सांगा, बॉल कुठेही असो. वीस मिनिटांत तो किती वेळा रिकाम्या जागेत पळाला आणि त्याला बॉल मिळालाच नाही, हे भाच्याला कागदावर लिहायला लावा. मग ओमानची मॅच, ती फ्रीकिक. मग थायलंड. केनियाची चिखलातली मॅच शेवटी, कारण ती आधी दाखवली तर पोरगं दुसऱ्या दिवसापासून नुसते कीपरच्या डोक्यावरून चिपच मारत बसेल.

आणि त्याच्या कोचना विचारा की सरावात क्रॉस किती येतात. शाळेच्या टीममध्ये बहुतेक वेळा स्ट्रायकरला नुसतं शूटिंग देतात, क्रॉसवर पळणं देतच नाहीत. दोन विंगर आणि एक डिफेंडर मिळाला तर रविवारी सकाळी तुम्हीच उभे राहा गोलमध्ये. सुरुवात हलक्या बॉलने, कमी उंचीवरून, आणि हेडिंग मोजकंच, तेरा वर्षांचं डोकं आहे ते. पळण्याची वेळ आधी जमू दे.

तालमीतला_गडी

आणि कोल्हापूरला घेऊन या त्याला सुट्टीत. सकाळी आमच्या पोरांबरोबर उतरू दे मैदानात, मी बघतो.